हात ढिला सोड

द्वारका : पुन्हा म्हणा. काय म्हणालात?

बानाबाई : म्हणलं, त्रिंबकनं मही लेक मारली. गळा दाबला आन् हिरीत टाकली. तू त्याच्यासंगं लगीन लावू नको.

द्वारका : मावशी, मला वाटलं तुम्ही ब्लाऊज शिवायला टाकायला आलात. मशीन थांबवून पाणी दिलं मी तुम्हाला. आणि तुम्ही माझ्याच दुकानात बसून हे बोलताय? परवा लग्न आहे आमचं. कर्णपुऱ्याच्या देवीपुढं हार घालणार आहोत.

बानाबाई : ठाव हाय. म्हणून तर आले. पैठण गेटापशी एक भाजीवाली बोलली, काकणवाला त्रिंबक गुलमंडीतल्या शिवणवालीला करून घेतोय. तशीच उठले.

द्वारका : पण तुम्ही कोण?

बानाबाई : बानाबाई. बिडकिनाच्या अलीकडं आमची वस्ती. शेळ्या व्हत्या, आता नायत. मही गया त्याची बायको व्हती. म्या सासू त्याची.

द्वारका : गयाच्या आई तुम्ही? मग बसा नीट. अहो, त्यांनी मला सांगितलंय गयाचं. लपवलं नाही काही. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती आणि पटकीनं गेली ती.

बानाबाई : पटकीनं?

द्वारका : असंच म्हणाले.

बानाबाई : पटकीनं माणसाच्या गळ्यावर बोटं उमटतेत व्हय? हिरीतून काढल्यावर म्या धुतलं तिला, बाई. दुसऱ्या कोनाला हात लावू दिला नाय. इकडं अंगठा, तिकडं बोटं. काळीनिळी. डागदर म्हणला, पडताना दोर लागला असंल.

द्वारका : डॉक्टर म्हणाला ना तसं? मग तसंच असेल.

बानाबाई : दोराला अंगठा असतो का?

द्वारका : मग पोलीस होते. कोर्ट होतं.

बानाबाई : झालं की समदं. आपल्या ह्याच शहरात झालं. त्यो म्हणला, म्या तवा पैठणच्या बाजारात व्हतो, काकणं भरत व्हतो. बाजारातल्या बाया साक्षीला आल्या. म्हणल्या, व्हय, दिसभर आमच्यातच व्हता. खोटारड्या नव्हत्या त्या. त्यायला खरंच तसं वाटत व्हतं. असा माणूस हाय त्यो. घडीभर भेटला तरी बाईला वाटतं, दिसभर संगं व्हता.

द्वारका : म्हणजे कोर्टानं सोडलं.

बानाबाई : सोडलं. भाईर आला आन् समद्यायम्होरं मह्या पाया पडला. लोकायच्या डोळ्याला पाणी. मला म्हणले, म्हातारे, असा जावई नशिबानं भेटतो.

द्वारका : बघा, मावशी. तुमची लेक गेली. आईचं काळीज आहे, मी समजू शकते. पण ते तसे नाहीत हो. तुम्हाला कसं सांगू? माझा नवरा गिरणीतून घरी आला, छातीत कळ आली आणि संपला. सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून काढलं. ही मशीन तेवढी आणली मी. तेव्हापासून ह्या गल्लीत बसते. लोकांच्या लग्नाची पोलकी शिवते. हातात काच नाही, कपाळाला काही नाही. मापं घेताना बायका सुद्धा अंग चोरतात, कुठं माझी सावली पडेल म्हणून.

बानाबाई : आन् त्यो आला.

द्वारका : आला म्हणजे काय, दारात पेटी ठेवून उभे राहिले. म्हणाले, बाई, सगळ्या गल्लीच्या मनगटात माझ्या बांगड्या, तुमच्याच हातात नाहीत, माझी अब्रू जाते इथं. मला हसू आलं. खरं सांगते, माझ्याच हसण्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

बानाबाई : हसवतो. गयालाबी लई हसवायचा. मलाबी. म्या काय त्याला उगं लेक दिली? आमच्या वस्तीवरचाच पोरगा. शेळ्या राखायचा सोडला, काकणाची पेटी घेतली, गोड बोलाया शिकला. गया म्हणजे पोलीस ॲक्शनच्या साली जलमलेली, रझाकाराच्या धाकानं आमी रानात लपलो व्हतो तवाची. तिला घाबरून ठावच नव्हतं. तीबी त्याच्यावर भाळली.

द्वारका : मग ते कशाला मारतील तिला? सांगा ना. ज्याच्यावर जीव आहे त्याला कोणी मारतं?

बानाबाई : तुहं माहेर कुठं?

द्वारका : ते कशाला?

बानाबाई : सांग तर.

द्वारका : बिडकिनलाच. पण लग्नानंतर तिकडं फारसं जाणं नाही. आईबाप नाहीत. धाकटी बहीण आहे, आशा.

बानाबाई : बहिणीला बोलावलं का लग्नाला?

द्वारका : नाही. ते म्हणाले, आधी लग्न होऊ दे, मग जोडीनं जाऊ. बहिणी बहिणींची दृष्ट लागते म्हणाले.

बानाबाई : तिच्याकडं जाऊ नको म्हणला असंल.

द्वारका : जाऊ नको असं नाही म्हणाले. म्हणाले, तू गेलीस की मला करमत नाही.

बानाबाई : आन् इचारतो का, मला सोडून जाणार नाय ना?

द्वारका : सगळेच विचारतात.

बानाबाई : कवा कवा इचारतो?

द्वारका : रोज. जाताना. उंबऱ्यात थांबून.

बानाबाई : जालन्यात लक्ष्मीबाई हाय. खानावळ चालवती. तिच्यासंगंबी ठरलं व्हतं त्याचं. एक दिस दुपारी ती म्हणली, मला नको हे लगीन, तुमी तुमच्या वाटंनं जावा. ती जित्ती हाय, कामून की शेजारीण ताक मागाया आली. पण आवाज गेला तिचा. बोलती तर कान तोंडाशी न्यावा लागतो. गिऱ्हाइकाला भाकरी पायजे का इचारायचं तर हातानं खुणावती.

द्वारका : तिनं फिर्याद नाही केली?

बानाबाई : कोनाकडं? लोकच म्हणले, एकल्या बाईनं पुरुषाला घरात घेतलाच कशाला.

द्वारका : तुम्ही गेला होतात तिच्याकडं?

बानाबाई : जाऊन काय उपेग? उशिरा गेले. आता त्यो जितं जाईल तितं म्याबी जाते. बाजार बघते, कोनत्या दारात पेटी जास्तीची थांबती ते बघते. आन् सांगते. एखादी आयकती. बाकीच्या हाकलतेत. भोकरदनला एकीनं अंगावर खरकटं पाणी टाकलं. पण म्या आले की त्याला कळतं. मग त्यो गाव सोडतो. तेवढंच.

द्वारका : इतकी वर्षं?

बानाबाई : दुसरं काय काम हाय मला?

द्वारका : मी काय करू म्हणता?

बानाबाई : आत्ता ऊठ आन् बहिणीकडं जा. त्याला काय बी सांगू नको. आन् एक आयक. त्याच्या तोंडावर नाय म्हणू नको. गया नाय म्हणली. लक्ष्मी नाय म्हणली. तू निस्तं निघून जा.

द्वारका : तुम्ही म्हणता म्हणून? पुरावा काय आहे तुमच्याकडं?

बानाबाई : पुरावा असता तर त्यो हर्सूलच्या तुरुंगात असता. मह्याजवळ निस्तं तोंड हाय.

द्वारका : मावशी, तुम्ही जा आता. खरंच जा. ते येतीलच. आज चुडा भरायचा ठरलाय.

बानाबाई : मग बसते. मला बघू दे.

द्वारका : अहो, जा म्हणते ना.

त्रिंबक : आज दारातलं ऊन अडवून कोण बसलंय म्हटलं! द्वारका, पेटी धर जरा, काच आहे आत, तुझ्या नाजूक... अरे! मामी! मामी, तुम्ही? कधी आलात?

बानाबाई : आले.

त्रिंबक : पाय द्या इकडं.

बानाबाई : पाय मागं घेतले म्या. दिसत नाय का?

त्रिंबक : तुम्ही हमेशा मागं घेता, मी हमेशा पडतो. रिवाज आहे आपला. गुडघे कसे आहेत? सिल्लोडला दिसलात तेव्हा लंगडत होतात. मी मोहाचं तेल ठेवून आलो होतो त्या धर्मशाळेत, मिळालं का?

बानाबाई : ओतून दिलं.

त्रिंबक : खैर. द्वारका, चहा पाजलास मामींना? नाही ना? मला वाटलंच. फकिराभाऊ! ओ फकिराभाऊ! तीन चहा, त्यातला एक डब्बल साखरेचा! आमच्या मामी आल्यात! ... मामींना गोड लागतो चहा. त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तर अर्धा कप नुसती साखर. गया मला खुणावत होती, पिऊन टाका, नाही तर आईला राग येईल.

द्वारका : गया कशानं गेली?

त्रिंबक : अं?

द्वारका : तुम्ही म्हणालात, पटकीनं.

त्रिंबक : असं. म्हणजे मामींनी सांगितलं.

द्वारका : मी तुम्हाला विचारतेय.

त्रिंबक : खोटं बोललो मी, द्वारका. तुझी कसम, एवढं एकच खोटं बोललो. ती विहिरीत गेली. पाणी शेंदताना पाय घसरला. मी पैठणला होतो. संध्याकाळी आलो तर वस्तीवर सगळे जमलेले.

द्वारका : मग हे का नाही सांगितलं?

त्रिंबक : बायको विहिरीत गेली, नवऱ्यावर खटला झाला, असं सांगणाऱ्या माणसाच्या हातात कोणती बाई हात देईल? तूच सांग. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तू मला ह्या उंबऱ्याशी उभं केलं असतंस?

द्वारका : नसतं केलं.

त्रिंबक : मग? मला तुझ्याशी बोलायचं होतं. एवढाच माझा गुन्हा. मामींचं मी वाईट वाटून घेत नाही. त्यांची पोटची पोर गेली. कोणाला तरी दोष दिल्याशिवाय रात्र सरत नसेल. मग मला द्या, मी घेतो. गावोगाव येतात, माझ्याबद्दल सांगतात, माझं ठरलेलं मोडतात. मामी, मी कधी उलट बोललो? कधी आवाज चढवला तुमच्यावर?

बानाबाई : नाय.

त्रिंबक : बघ. त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत.

द्वारका : आणि जालन्याची लक्ष्मीबाई?

त्रिंबक : तिच्या घशात गाठ झाली होती. मीच दवाखान्यात नेणार होतो, तिनं नको म्हटलं. द्वारका, तुला वाटतं का? माझ्याकडं बघ. हे हात बघ. दिवसभर काच हाताळतो मी. हा हात जोरात कसा दाबायचा, हेच विसरलाय.

द्वारका : मला काही सुचत नाहीये.

त्रिंबक : सुचायला नको काही. दे हात. चुडा भरून टाकू, मामींच्या साक्षीनं. बरं झालं तुम्ही आलात, मामी. आमच्याकडून वडीलधारं कोणी नव्हतंच.

बानाबाई : हात देऊ नको, पोरी.

द्वारका : राहू द्या, मावशी. दार उघडं आहे. तुम्ही आहात. भरा हो. हिरवाच ना?

त्रिंबक : अस्सल फिरोजाबादी. तुझ्यासाठी वेगळा काढून ठेवला होता. हात ढिला सोड. असा. अंगठा आत घे. बोटं गोळा कर, कळी असते ना तशी. बघ, कसा गेला सर्रकन. कळलं तरी का? आजवर माझ्या हातून एका बाईच्या मनगटावर काकण फुटलेलं नाही. बायका म्हणतात, त्रिंबकशेठ, तुम्ही भरता की फुंकर मारता.

द्वारका : छान दिसतो.

त्रिंबक : तुझ्या हातात होताच कमी. इतकी वर्षं उपाशी ठेवलंस हाताला.

द्वारका : अहो, एक बोलू?

त्रिंबक : हजार बोल.

द्वारका : लग्न जरा पुढं ढकलू या. मी थोडे दिवस आशाकडं जाऊन येते.

बानाबाई : द्वारका...

त्रिंबक : ढिला सोड.

द्वारका : ढिलाच आहे.

त्रिंबक : मामींनी सांगितलं जा म्हणून?

द्वारका : नाही. मीच म्हणतेय.

त्रिंबक : थोडे म्हणजे?

द्वारका : होतील थोडे. बहीण आहे माझी. भेटावंसं वाटतं.

त्रिंबक : मग येशील?

द्वारका : दुखतंय.

त्रिंबक : मी काय विचारलं? येशील ना मग?

द्वारका : नाही माहीत. अहो, दुखतोय हात.

त्रिंबक : थोडे दिवस. हसून सांगतात सगळ्या. थोडे दिवस जाऊन येते. मग निरोप येतो, तब्येत बरी नाही. मग निरोपच येत नाही. मी पेटी घेऊन दारादारात उभा राहतो, सगळ्या हात देतात, खुशीनं देतात, आणि काकण भरून झालं की जी ती हात काढून घेती. तू बी तशीच का? तू बी?

(काच फुटल्याचा आवाज.)

बानाबाई : सोड तिला! रगत निघालं, सोड!

द्वारका : त्रिंबक, सोडा! त्रिंबक!

त्रिंबक : नाव घेऊ नको! असं नाव घेऊ नको महं! तिनंबी असंच घेतलं व्हतं. कवा नाव घेतलं नव्हतं, लाजायची, उखाण्यातबी घ्यायची नाय. आन् तवा घेतलं. त्रिंबक, सोडा. असंच. हाच आवाज.

बानाबाई : कवा?

त्रिंबक : काय?

बानाबाई : गयानं तुहं नाव कवा घेतलं, त्रिंबक? तू तर पैठणच्या बाजारात व्हता.

द्वारका : फकिराभाऊ! फकिराभाऊ, इकडं या! या लवकर! ... तिथंच दारात उभे राहा. चहा खाली ठेवा. काही नाही, बांगडी फुटलीय. पण तुम्ही जाऊ नका, उभे राहा.

त्रिंबक : हाक कशाला मारलीस? सोडलाय मी हात. बघ, सोडला.

द्वारका : मागं व्हा. भिंतीकडं व्हा.

त्रिंबक : रक्त पुसू दे फक्त. माझ्या हातून कधी नाही झालं असं.

द्वारका : हात नका लावू मला. पेटी उचला.

बानाबाई : थांब. पेटी उचलू नको आजून. आजून काय म्हणली ती?

त्रिंबक : मामी, राहू द्या.

बानाबाई : सांग. कोर्टानं सोडलं ते सोडलं, वकील म्हणला आता पुन्हा धरत नायत तुला. कोनी काय करणार नाय. मला सांग. इतकी वर्सं तुह्या मागं फिरले, मला एवढं तरी दे.

त्रिंबक : तुमच्या शेळीला करडं झाली होती.

बानाबाई : व्हय. झाली व्हती.

त्रिंबक : ती बघायला यायचं होतं तिला. मी म्हटलं, उद्या जा, आज बाजार आहे, पैठणहून लवकर येतो, उद्या मी सोडतो. ती म्हणाली, आजच जाते. मी पैठणला गेलो. मन लागेना. मधूनच आलो. ती गाठोडं बांधून विहिरीवर पाय धूत होती. म्हटलं, ऐकलं नाहीस ना? म्हणाली, नाही ऐकत, जा. आता गेले की परत येतच नाही. करडांबरोबरच राहते.

बानाबाई : असं म्हणली?

त्रिंबक : हसत म्हणाली, मामी. तोंड दुसरीकडं वळवून हसत होती. मला ते मागाहून आठवलं. आता वाटतं, थट्टा करत असेल.

बानाबाई : थट्टाच केली असंल. तशीच व्हती ती.

त्रिंबक : व्हय. तशीच व्हती.

द्वारका : ऐकलंत ना, फकिराभाऊ? सगळं ऐकलंत? ... त्यांना जाऊ द्या. वाट द्या. पण पुन्हा ह्या गल्लीत दिसले तर सगळ्यांना सांगा.

त्रिंबक : द्वारका, मी तुला काही केलं नसतं.

द्वारका : गयालाही असंच वाटलं असेल.

त्रिंबक : एकच सांग. मग जातो. माझ्याबद्दल काही होतं का तुझ्या मनात? की मीच आपला?

द्वारका : होतं.

त्रिंबक : खरं?

द्वारका : आत्ताही आहे. निघा.

त्रिंबक : बरं. मामी, बीडला जातो मी. ऐकलंत ना? बीड. ह्या उन्हात पायी निघू नका, बस मिळते. आणि गुडघ्याला काही तरी लावत जा. मला सोडून न गेलेलं माणूस म्हणजे तुम्हीच एक.

बानाबाई : नाय जाणार.

त्रिंबक : माहीत आहे. येतो, द्वारका. हात पाण्याखाली धर, काच बारीक असते.

बानाबाई : गेला. ... बस खाली. फकिरा, बापू, तू जा आता आन् कोपऱ्यापर्यंत बघ, कुणीकडं वळला ते. ... इकडं कर हात. उजेडात धर.

द्वारका : तुम्ही सांगितलं होतं, नाही म्हणू नको.

बानाबाई : मग कामून म्हणलीस?

द्वारका : मला कळायला हवं होतं. न कळता पळून गेले असते ना, तर जन्मभर वाटत राहिलं असतं, एका म्हातारीचं ऐकून चांगला माणूस घालवला. दोन-चार महिन्यांनी मीच शोधत गेले असते त्याला.

बानाबाई : हलू नको. एक तुकडा आत हाय.

द्वारका : आई गं.

बानाबाई : निघाला. पदर फाडू नको, ह्या चिंध्या हायेत की तुह्या मशीनखाली. ह्यातली दे एक.

द्वारका : मावशी, मला अजून तो दारात येऊन उभा राहील असं वाटतंय. आणि भीती नाही वाटत. वाट बघितल्यासारखं वाटतंय. मला काय झालंय हे?

बानाबाई : काय नाय झालं. जीव लावला व्हता, त्यो काय लगेच निघतो? लक्ष्मीबाई आजून मला इचारती. आवाज नाय, तरी कानात इचारती, कसा हाय त्यो, जेवतो का येळंवर.

द्वारका : चौकीवर जाऊ. फकिराभाऊ साक्ष देईल. माझा हात आहे.

बानाबाई : जाऊ. म्याबी येते. म्हणतील, बांगडी भरताना काच फुटतच असती, बाई. पर जाऊ. सांगून ठिवू.

द्वारका : बीडला जातो म्हणाला. खोटं असेल.

बानाबाई : गाव खोटं सांगत नाय त्यो. कवाच नाय. निघताना सांगतोच, कोनाकडून तरी मह्यापतुर पोचतंच. म्या यावं, असं वाटतं त्याला.

द्वारका : आणि तुम्हाला?

बानाबाई : मला काय वाटतं ते कोनी इचारलं नाय कवा. एखाद्या बाजारात त्यो दिसला नाय तर घास उतरत नाय मला. कोनाच्या दारात बसला असंल, कोनाचा हात धरला असंल. मग दिसतो. दिसला की बरं वाटतं. आन् बरं वाटलं म्हणून सोताच्याच तोंडात मारून घ्यावं वाटतं.

द्वारका : थांबा, पाणी पिते. ... हा चहा निवला तुमचा. गोड आहे. घेता?

बानाबाई : त्यानं सांगितलेला नको.

द्वारका : माझ्या घरचा करते मग. नाही, नको. उशीर होईल. आधी चौकी, मग स्टँड.

बानाबाई : स्टँडवर तू कशाला?

द्वारका : तुम्ही एकट्या जाणार बीडला?

बानाबाई : एकटीच जाते.

द्वारका : तुमचं कोणी ऐकत नाही, मावशी. मीही ऐकत नव्हते. दारात म्हातारी येते, म्हणते माझी लेक मेली, बाईला वाटतं हिचं डोकं फिरलंय. मी आलेली बरी. मी नवरी होणार होते त्याची. माझ्याशी जरा वेगळं बोलतील.

बानाबाई : आन् दुकान? लोकायची कापडं पडलीत की. लग्नसराई हाय.

द्वारका : आशाला निरोप धाडते, तिला येतं शिवायला. बिडकिनहून सकाळच्या बसनं येईल. बसेल इथं. मी हाक मारली की धावत येते ती, मीच मारली नव्हती इतके दिवस.

बानाबाई : तुला त्रास व्हईल, पोरी. त्यो पुन्हा दिसंल. पुन्हा गोड बोलंल.

द्वारका : बोलू दे. तुम्ही असाल ना शेजारी. ... मावशी.

बानाबाई : काय?

द्वारका : गया कशी होती?

बानाबाई : सांगितलं की तुला. हिरीतून काढली तवा...

द्वारका : तसं नाही. आधी. घरी असायची तेव्हा कशी होती?

बानाबाई : आधी?

द्वारका : हं.

बानाबाई : आधीचं कोनी इचारतच नाय, बाई. समद्यायला मेली कशी तेच पायजे असतं. पोलिसालाबी, वकिलालाबी. कशी व्हती म्हंजी... लई बडबडी. शेळ्यायसंगं बोलायची, भाकरी थापताना तव्यासंगं बोलायची. झोपंतबी करडांला हाका मारायची, आन् सकाळी म्हणायची, म्या कुटं, तूच मारल्या असशील.

द्वारका : आणि?

बानाबाई : आन् लई हाय. तू दाराला कडी घाल. चल, वाटंनं सांगते.